मॉरिसच्या बॉनेटखाली काय कमी होतं

"पाण्याचा पंप नाही. पेट्रोलचा पंप नाही. हेडवरचं कव्हर नाही. डायनॅमो नाही, डिस्ट्रिब्युटरची टोपी नाही." सर खिशातला कागद काढून एकेक ओळ वाचत होते आणि दर ओळीला त्यांचा आवाज खाली येत होता. शेवटची ओळ त्यांनी वाचलीच नाही, कागद माझ्या हातात दिला. इंजिन भंगारात द्यावं, छोट्या नव्या गाडीचं इंजिन बसवून मिळेल, असं तिथं लिहिलेलं होतं.

गाडी मॉरिस मायनर, १९५१ सालची, सिरीज एमएम. सर कॉलेजातून निवृत्त झालेले. साताऱ्याकडच्या एका जुन्या वाड्यातून त्यांनी ती घेतली, पुण्यात आल्यावर घराजवळच्या एका गॅरेजवाल्याला दाखवली आणि त्यानं ही यादी हातात ठेवली. सकाळी टेम्पोतून उतरवून नारायण पेठेतल्या आमच्या गॅरेजात आम्ही ती ढकलत आत घेतली. टायर पार बसलेले, पण स्टिअरिंग हलकं आणि दरवाजे एका बोटानं लागत होते. अशा गाडीला भंगार म्हणायला माझी जीभ धजत नाही.

"मी फसलो का हो?" सरांनी विचारलं.

"सर, आधी हा कागद बाजूला ठेवू. काय नाही ते इंजिनच सांगेल."

इंजिन बदलायचा सल्ला किती महागात पडला असता ते त्यांना आधी सांगणं मला गरजेचं वाटलं. केंद्र सरकारनं २०२१ साली व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम आणले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली, मूळ रूपात राखलेली गाडी त्यात बसते. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार केलेला चालत नाही. नवं इंजिन टाकलं की गाडी पळाली असती, पण ती मॉरिस राहिली नसती, ना कागदावर ना रस्त्यावर.

मायनर १९४८ साली लंडनच्या अर्ल्स कोर्टच्या प्रदर्शनात पहिल्यांदा लोकांसमोर आली. अॅलेक इसिगोनिस यांनी बनवलेली, ज्यांनी पुढे मिनी बनवली तेच. हिंदुस्तान मोटर्सनं हीच गाडी आपल्याकडे बेबी हिंदुस्तान नावानं काढली, त्यामुळे जुन्या मिस्त्रींच्या तोंडी अजून "बेबी" हाच शब्द आहे. इथे घोटाळा होतो तो असा: मायनर पुढे वीसेक वर्षं निघत राहिली आणि इंजिनं बदलत गेली. सुरुवातीच्या एमएमला ९१८ सीसीचं साइड व्हॉल्व्ह इंजिन, १९५२ पासून ८०३ सीसीचं ओव्हरहेड व्हॉल्व्हचं, मग ९४८, मग १०९८. यादी करणाऱ्यानं नंतरची मायनर डोळ्यासमोर ठेवून या इंजिनात नसलेल्या वस्तू मोजल्या होत्या.

पाण्याच्या पंपापासून सुरुवात केली. माझ्या मदतनिसाला ब्लॉकचं, म्हणजे इंजिनाच्या मुख्य ओतीव धडाचं, पुढचं तोंड रॉकेलनं धुवायला सांगितलं. काळी खरवड निघाली, खाली ओतीव लोखंडाचा खडबडीत पृष्ठभाग दिसला. जिथे पंप बसतो तिथे लोखंड मशीनवर घासून सपाट केलेलं असतं, बोल्टांची भोकं असतात, गॅस्केटचा ठसा असतो. इथे त्यातलं काहीच नव्हतं. या इंजिनात पाणी आपल्याआप फिरतं. ब्लॉकमध्ये तापलेलं पाणी हलकं होऊन वरच्या पाइपातून रेडिएटरमध्ये चढतं, थंड झालेलं जड पाणी खालून परत येतं. म्हणून पाइप चांगले जाड. सरांनी जाड होजवर हात ठेवला आणि म्हणाले, "म्हणजे हे फिजिक्स आहे." ते फिजिक्सच शिकवायचे, हे मला तेव्हा कळलं.

हेडवरच्या कव्हरचंही तसंच. साइड व्हॉल्व्हमध्ये व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये, सिलिंडरच्या शेजारी उभे असतात. हेड म्हणजे वरचं सपाट झाकण. त्याच्यात व्हॉल्व्ह दाबणारे रॉकर नाहीत, तर त्यावर रॉकर कव्हर येणार कुठून?

पण याच ठिकाणी यादीत नसलेली उणीव सापडली आणि ती खरी गंभीर होती. मॅनिफोल्डच्या, म्हणजे इंजिनात हवा-पेट्रोल आणि बाहेर धूर नेणाऱ्या नळ्यांच्या खाली, ब्लॉकच्या कुशीला टॅपेटचं कव्हर असतं. टॅपेट म्हणजे व्हॉल्व्ह वर ढकलणारे दांडे. ते नव्हतं. टॉर्चचा उजेड टाकून आत पाहिलं तर व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा उघड्या, त्यांवर धूळ, आणि कोपऱ्यात गांधीलमाशीचं मातीचं घर. प्लग काढून सिलिंडरमध्ये तेल सोडलं, थोडा वेळ जाऊ दिला आणि मदतनिसानं पुढून हँडल लावलं. अगदी हळू, अर्धा अर्धा फेरा. इंजिन फिरलं. मी कुशीतून बघत होतो: एकेक टॅपेट वर जात होता, स्प्रिंग दबत होती, व्हॉल्व्ह परत बसत होता. मागून दुसरा मात्र वर गेला तो वरच राहिला. दांड्याला गंज धरला होता. जाम इंजिन आणि एक अडकलेला व्हॉल्व्ह यांत फार फरक आहे. सरांना खाली वाकवून तो व्हॉल्व्ह दाखवलाच. कव्हर नसल्यामुळे आत गेलेली धूळ तेलात उतरते, म्हणून संप, म्हणजे इंजिनाच्या तळाचं तेलाचं भांडं, काढून धुतल्याशिवाय हे इंजिन चालू करायचं नाही, एवढं तिथेच ठरलं.

पेट्रोलच्या पंपाबाबत यादी अर्धी बरोबर होती. लिहिणाऱ्यानं एसी कंपनीचा पंप शोधला होता, इंजिनाला बसणारा, इंजिनाच्याच कॅमवर चालणारा. एमएमला विजेवर चालणारा, एसयू कंपनीचा पंप असतो आणि तो इंजिनावर नसतोच, इंजिनामागच्या पत्र्यावर असतो. तिथे पाहिलं तर मूळ रंगाचा एक स्वच्छ चौकोन, बोल्टांची भोकं आणि लोंबणारी वायर. पंप होता, आणि काढलेला होता.

ती वायर मी बोटात धरून बघत राहिलो, कारण तिच्या टोकाला चिकटपट्टी गुंडाळलेली होती. मग नजर बदलली. पेट्रोलच्या पाइपाच्या तोंडात चिंधी कोंबलेली. डायनॅमोच्या ब्रॅकेटचे बोल्ट वायसरसकट परत भोकात, नुसते हातानं फिरवून ठेवलेले. टॅपेट कव्हरचे नटही आपापल्या स्टडवर. चोरी करणारा नट परत लावत नाही आणि भंगारवाला वायरीला पट्टी गुंडाळत नाही. हे भाग ज्यानं उतरवले त्याला ते परत बसवायचे होते.

"सर, ज्यांच्याकडून गाडी घेतलीत त्यांना फोन करा. पार्टस् आहेत का विचारू नका, लोक नाही म्हणून मोकळे होतात. वाड्यात माळ्यावर, देवघरामागे, कुठे जड पेटी किंवा डबा आहे का ते विचारा."

फोन वाड्यातल्या आजींनी घेतला. स्पीकरवर त्यांचा आवाज आला, "ह्यांनी एक ट्रंक ठेवलीय बघा, कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. लोखंड आहे नुसतं."

तोवर आम्ही उरलेलं बघून घेतलं. कार्बोरेटर जागेवर होता, म्हणून यादीत त्याचं नावच नव्हतं. वरची घंटेसारखी टोपी उघडली तर आत पिस्टन नाही आणि सुई नाही. एसयू कार्बोरेटरचा जीव त्या पिस्टनमध्ये असतो: तो वर उचलला जाईल तशी निमुळती सुई जेटमधून वर येते आणि पेट्रोल वाढतं. टोपी आणि पिस्टन एकमेकांच्या मापानं जुळवलेले असतात, त्यामुळे दुसऱ्या गाडीचा नुसता पिस्टन आणून भागत नाही, जोडीच घ्यावी लागते. बाहेरून पाहून केलेल्या यादीचा मला राग येतो तो यासाठी.

मॅनिफोल्डचा एक स्टडही कुणीतरी बिघडवला होता. या इंजिनाचे आटे मेट्रिक आहेत, पण नटांची डोकी व्हिटवर्थ या जुन्या इंग्रजी मापाच्या पान्याची. कारण जुनं आहे: मॉरिसनं १९२३ मध्ये कॉव्हेंट्रीतला हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा कारखाना घेतला, आणि तिथल्या मशीनवरचे फ्रेंच आटे पुढे तसेच चालू राहिले. ८ मिलिमीटरच्या स्टडला १ मिलिमीटरचा बारीक आटा, म्हणजे दोन आट्यांत १ मिलिमीटरचं अंतर. आज दुकानात ८ चा बोल्ट मागितला की १.२५ चा मिळतो. तो दोन फेरे जातो, मग अडतो, आणि जोर लावला की ब्लॉकमधला आटा खातो. इथे तो जोर लावलेला होता. त्या भोकात आता खाल्लेल्या आट्याच्या जागी नव्या आट्याची तारेची स्प्रिंग बसवावी लागेल, तीही बारीक आट्याचीच.

संध्याकाळी आजींच्या नातवानं ट्रंकेचे फोटो पाठवले. ल्युकासचा डायनॅमो, वर्तमानपत्रात गुंडाळलेला एसयू पंप, डिस्ट्रिब्युटरची टोपी, रोटर, कटआउट. एका औषधाच्या डबीत बारीक स्क्रू. सर फोटो मोठा करून करून बघत होते, आणि मीही त्यांच्या खांद्यावरून. कार्बोरेटरचा पिस्टन आणि टॅपेटचं कव्हर मात्र त्यात नव्हतं.

पिस्टन-टोपीची जोडी इंग्लंडहून मागवायची ठरली. मायनरचे भाग तिकडे अजून मिळतात. कव्हरसाठी थांबायची गरज नव्हती. कुशीच्या कडेला ग्रीसचा पातळ हात फिरवला, त्यावर जाड पुठ्ठा दाबून धरला आणि सोडवला, तर कडेचा आकार आणि स्टडांच्या जागा पुठ्ठ्यावर उमटून आल्या. सरांनी पट्टी घेऊन स्वतः मापं लिहिली. तो पुठ्ठा दुसऱ्या दिवशी भोसरीला पत्र्याचं काम करणाऱ्याकडे जायचा होता, आणि सर ट्रंक आणायला साताऱ्याला.