तिलोस : ठरवून शांत राहिलेले बेट

ग्रीसला सुट्टीसाठी जाणाऱ्या मराठी कुटुंबाचा कार्यक्रम बहुधा ठरलेला असतो : अथेन्सला अक्रोपोलिस, सांतोरिनीला सूर्यास्त आणि वेळ उरलाच तर मिकोनोस. या तिन्ही जागा पाहण्यासारख्या आहेत याबद्दल दुमत नाही. पण जिथे रांगेत उभे राहावे लागत नाही ती सुट्टी, एवढीच ज्यांची अपेक्षा असते, त्यांची तिथे निराशा होण्याचा संभव अधिक. आम्हा दोघांची अपेक्षा तेवढीच होती, म्हणून नकाशावरचे बोट आम्ही रोड्सच्या वायव्येला सरकवले आणि तिलोस या बेटावर थांबवले.

तिलोस हे डोडेकनीज द्वीपसमूहातले, रोड्स आणि कोस या दोन मोठ्या बेटांच्या मधले बेट असून तुर्कस्तानचा किनारा तिथून स्वच्छ दिवशी सहज दिसतो. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ६४ चौरस किलोमीटर, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या मुंबई बेटाहून किंचित कमी. मात्र मुंबईच्या त्या पट्ट्यात तीस लाख माणसे राहतात आणि तिलोसवर कायम राहणारी माणसे हजाराच्या आत आहेत. बेटावर विमानतळ नाही. अथेन्सहून रोड्सपर्यंत तासाभराचे विमान आणि तिथून पुढे कॅटमरान किंवा फेरी असा आमचा मार्ग होता. ज्यांना बोटीचा कंटाळा नाही त्यांना पिरेयस बंदरातून थेट मोठी फेरीही मिळते, परंतु त्या प्रवासात एक अख्खी रात्र जाते. सप्टेंबरचा महिना आम्ही जाणीवपूर्वक निवडला होता, कारण तोवर ऑगस्टची युरोपीय गर्दी ओसरलेली असते आणि उन्हाळाभर तापलेला समुद्र अजून उबदार असतो.

बोट लागते ती लिवाडियाला. डोंगरांनी कवेत घेतलेला अर्धवर्तुळाकार उपसागर, काठाने गोट्यांचा लांब किनारा, त्याला समांतर पायवाट आणि पायवाटेवर टॅव्हर्ना म्हणजे ग्रीक खानावळी, एक बेकरी, दोन-चार दुकाने एवढाच इथला पसारा. दुपारी दोनच्या सुमारास दुकाने मिटतात ती थेट संध्याकाळी उघडतात, आणि मधल्या वेळात मोठ्याने बोलणेही असभ्य समजले जाते. वामकुक्षीचे महत्त्व जाणणाऱ्या पुणेकराला हे नवे वाटू नये.

पहिल्याच दिवशी एक गोष्ट डोळ्यांत भरली : रस्त्यावर कुठेही कचरापेटी नव्हती आणि कचराही नव्हता. आमच्या घरमालकीणबाईंनी किल्लीबरोबर पिशव्या हातात ठेवल्या आणि ओले, पुनर्वापराचे व उरलेले असे तीन वर्ग त्यांनी इतक्या तपशिलाने समजावले, की स्वयंपाकघरातली भांडी दाखवायला त्यांना त्याच्या निम्माही वेळ लागला नाही. २०२१ च्या अखेरीस या बेटाने रस्त्यावरच्या पेट्या काढून टाकल्या, दारोदार फिरून वर्गवार कचरा गोळा करण्याची पद्धत सुरू केली आणि डोंगरातले जुने कचरा डेपो बंद करून त्या जागी वर्गीकरणाचे व खतनिर्मितीचे केंद्र उभारले. आपल्याकडे कचऱ्याचे वर्गीकरण कागदावर अनेक वर्षांपासून सक्तीचे आहे. इथे फरक एवढाच दिसला, की वेगळे केलेले पुढे वेगळेच राहते याची लोकांना खात्री आहे.

विजेचीही अशीच कथा आहे. तिलोसला पूर्वी सगळी वीज कोस बेटावरच्या तेलावर चालणाऱ्या केंद्रातून समुद्राखालच्या केबलने येत असे, आणि केबल बिघडली की ऐन हंगामात बेट अंधारात जाई. २०१५ मध्ये युरोपीय संघाच्या अर्थसाहाय्याने एक प्रकल्प सुरू झाला, ज्यात ८०० किलोवॅटची एक पवनचक्की, १६० किलोवॅटचे सौर पटलांचे क्षेत्र आणि वारा पडल्यावर किंवा सूर्य मावळल्यावर कामी येणारा मोठा बॅटरीसंच यांची जोडणी करण्यात आली. बॅटरीचा असा आधार घेऊन वारा आणि ऊन यांवर उभे राहू पाहणारे हे भूमध्य समुद्रातले पहिले बेट मानले जाते. पवनचक्की एकच आहे, डोंगराच्या खांद्यावर एकटी फिरत असते, आणि बेटावरच्या लोकांना तिचा अभिमान एखाद्या प्राचीन मंदिराइतकाच वाटतो.

लिवाडियाहून आत जाणाऱ्या रस्त्यावर उजाड उतारावर मिक्रो होरियो हे ओस पडलेले गाव आहे. समुद्री चाच्यांच्या भयाने मध्ययुगात लोक किनाऱ्यापासून दूर, खालून दिसणार नाही अशा जागी घरे बांधत, त्यातलेच हे. चाचे गेले, सुरक्षितता आली, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर लोक हळूहळू खाली बंदराकडे किंवा परदेशी गेले; १९६० च्या दशकात गाव पूर्ण रिकामे झाले. आता छपरे नाहीत, भिंती उभ्या आहेत, चुन्याने रंगवलेले चर्च मात्र निगुतीने राखलेले आहे. ऐन उन्हाळ्यात रात्री उशिरा या अवशेषांतल्या एका दुरुस्त केलेल्या घरात बार चालतो. मला ही कल्पना आधी खटकली होती, पण ओस गावाचे संग्रहालय करून तिकीट लावण्यापेक्षा वर्षातले काही आठवडे तिथे माणसांचा आवाज असणे बरे, असे आता वाटते.

तिलोसवर जाण्याचे माझे खरे कारण मात्र हत्ती होते. मेगालो होरियो या गावाच्या वाटेवर हारकादियो नावाची गुहा आहे, आणि १९७१ मध्ये ग्रीक पुराजीवशास्त्रज्ञ निकोलाओस सिमेओनिडिस यांना तिथे हत्तींची हाडे सापडली. पुढच्या दशकांत ती हजारोंच्या संख्येने निघाली, आणि ही सगळी हाडे खुज्या हत्तींची आहेत हे सिद्ध झाले. पूर्ण वाढ झालेल्या प्राण्याची उंची जेमतेम सव्वा ते दीड मीटर, म्हणजे आपल्या छातीपर्यंत किंवा खांद्यापर्यंत. यांचे पूर्वज मुख्य भूमीवरचे सरळ सुळ्यांचे प्रचंड हत्ती होते, ज्यांचे नर चार मीटरपर्यंत उंच होत. हत्ती उत्तम पोहतात, हिमयुगात समुद्राची पातळीही बरीच खाली होती, त्यामुळे त्यांतले काही या बेटावर पोहोचले असावेत. आणि जिथे वाघ-सिंहासारखा शत्रू नाही पण चाराही मोजकाच, तिथे मोठ्या देहाचा उपयोग संपून त्याचा खर्च तेवढा उरतो. हजारो वर्षांत पिढ्यानपिढ्या देह लहान होत गेला. सायप्रस, क्रीट, सिसिली, माल्टा इथेही खुजे हत्ती होऊन गेले, पण तिलोसचे हत्ती युरोपातल्या अगदी शेवटच्या हत्तींपैकी होते, आणि त्यांच्या प्रजातीला २००७ मध्ये बेटावरूनच ‘तिलिएन्सिस’ असे नाव देण्यात आले. दोडामार्ग तालुक्यात उतरलेल्या रानटी हत्तींच्या बातम्या वाचणाऱ्या माझ्यासारख्या वाचकाला, छातीपर्यंत येणारा हत्ती बागायतीत शिरला तर शेतकऱ्याने काय केले असते, हा प्रश्न पडल्याशिवाय राहत नाही. प्रदर्शनात मांडलेल्या हाडांपैकी इवल्याशा दाढा मी सर्वांत जास्त वेळ पाहत राहिलो. त्यांच्यावरच्या आडव्या कडा थेट आपल्या हत्तीच्या दाढेसारख्या, फक्त लहान.

मेगालो होरियो हे बेटाचे मुख्य गाव, पांढऱ्या घरांचे, डोंगराच्या पायथ्याशी. गावाच्या डोक्यावर सेंट जॉनच्या सरदारांनी, म्हणजे मध्ययुगातल्या एका ख्रिस्ती लढाऊ पंथाने, बांधलेला किल्ला आहे, आणि त्याच्या दरवाजात व भिंतीत त्याआधीच्या ग्रीक नगराचे घडीव दगड सरळ ओळखू येतात. चढ तासाभराचा, उन्हात कठीण. सह्याद्रीत हिंडलेल्यांनी सकाळी सातला निघावे, एवढीच सूचना. वरून बेटाची सपाट हिरवी पट्टी आणि पलीकडे निसिरोस बेटाचा ज्वालामुखी दिसतो. प्राचीन काळी तिलोस हे एरिन्ना या कवयित्रीचे गाव म्हणून ओळखले जाई. बालमैत्रिणीच्या मृत्यूवर तिने दीर्घ शोककविता लिहिली आणि परंपरेप्रमाणे ती स्वतःही एकोणिसाव्या वर्षी गेली. त्या कवितेचे फाटके तुकडे १९२८ मध्ये इजिप्तमधल्या एका पपायरसवर सापडले.

पायी फिरण्यासाठी बेट उत्तम आहे. लिवाडियाहून लेथ्रा या किनाऱ्यापर्यंत गाडीरस्ता नाही, समुद्राच्या कड्याने जाणारी जुनी पायवाट आहे; दोन्ही बाजूंना थाइम आणि सेज, शेळ्यांच्या गळ्यातल्या घंटा, आणि सप्टेंबरात कोरड्या दगडांतून पानांशिवाय वर आलेले रानकांद्याचे पांढरे तुरे. वर आकाशात एलिओनोराचे ससाणे दिसतात. हे पक्षी इतर पक्ष्यांपेक्षा खूप उशिरा, उन्हाळ्याच्या अखेरीस, पिल्ले वाढवतात, कारण नेमक्या त्याच वेळी युरोपातून आफ्रिकेकडे निघालेले छोटे पक्षी समुद्र ओलांडत असतात आणि पिल्लांना खाद्य मिळते. नंतर ससाणे स्वतः मादागास्करला जातात. तिलोसवर १९९३ पासून शिकारीला बंदी आहे. शिकार हा ग्रामीण ग्रीसमध्ये पुरुषांचा आवडता छंद असल्यामुळे हा निर्णय सोपा नव्हता. तो रेटणारे डॉक्टर आणि पुढे महापौर झालेले अनास्तासिओस अलिफेरिस यांनीच २००८ मध्ये समलिंगी जोडप्यांचे ग्रीसमधले पहिले दोन नागरी विवाह लावले. न्यायालयाने ते रद्द ठरवले. देशाच्या संसदेने तसा कायदा केला तो २०२४ मध्ये.

शाकाहारी माणसाचे इथे हाल होतील, ही भीती अनाठायी निघाली. ऑर्थोडॉक्स पंथातल्या उपासाच्या दिवसांमुळे मांस-दुधाशिवाय करायच्या पदार्थांची परंपरा पक्की आहे : टोमॅटोत शिजवलेले मोठे पांढरे वाल, ओव्हनमध्ये मंद आचेवर ठेवलेले छोले, ऑलिव्ह तेलात मुरलेली भेंडी, द्राक्षाच्या पानात गुंडाळलेला भात, लिंबू पिळलेली उकडलेली रानभाजी. मांसाहाऱ्यांनी मात्र भात भरून भाजलेले करडू चुकवू नये. बेटावर माणसांपेक्षा शेळ्या किती तरी अधिक आहेत. तिखटाची सवय असलेल्यांनी चटणीची डबी जवळ ठेवावी, पण ती टॅव्हर्नात उघडू नये.

बेटाच्या पश्चिम टोकाला, झाडीत दडलेला आणि झऱ्याच्या पाण्यावर वसलेला पांतेलेइमोनचा मठ आहे. तिथे जाणारा रस्ता कड्याला चिकटून जातो, त्यामुळे उंचीची भीती असणाऱ्याने डोंगराच्या बाजूची खिडकी धरावी. २७ जुलै हा या संताचा दिवस; त्या सुमारास आजूबाजूच्या बेटांवरून लोक येतात, रात्रभर नाचतात, आणि बेट अजिबात शांत नसते. परतीच्या वाटेवर प्लाका किनाऱ्यावर निलगिरीच्या सावलीत चक्क मोर हिंडत होते. ते भारतातले आहेत हे आम्ही शेजारच्या डच जोडप्याला सांगितले. त्यांचा विश्वास बसला असे वाटले नाही.

जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी थोडे व्यवहाराचे. शेंगेन व्हिसासाठी अर्ज वेळेवर करावा. ऑक्टोबर अखेरीनंतर बहुतेक टॅव्हर्ना आणि खोल्या बंद होतात. बेटावर सार्वजनिक बस आहे, पण तिच्या वेळा मोजक्या असल्याने एखाद-दुसरा दिवस गाडी भाड्याने घेणे सोयीचे. एरिस्तोसचा वाळूचा किनारा लिवाडियाच्या गोट्यांपेक्षा मुलांसाठी बरा. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, वारा जोरात असला की बंदराचे अधिकारी बोटी सोडत नाहीत, मग तुमचे परतीचे विमान किती वाजता का असेना. म्हणून विमानाच्या आदली रात्र रोड्सलाच काढावी. बोट वेळेवर मिळाली तर ती संध्याकाळ तिथल्या तटबंदीतल्या जुन्या शहरात घालवता येते. फक्त क्रूझची जहाजे बंदरातून निघून गेल्यावर, सहानंतर आत शिरावे.