सातवीचा निरोप

रात्रीचे साडेअकरा वाजलेत, लाइट संध्याकाळपासूनच नाही, मोबाइलच्या उजेडात लिहून राहिली. आज सातवीचा निरोप झाला. चांगला झाला, सरपंच म्हणाले चांगला झाला, हेडमास्तर सर तर दोनदा म्हणाले. मग सकाळपासून माझ्या घशाशी काय अडकलंय तेच कळत नाहीये.

यंदा परीक्षाच पार 25 एप्रिलपर्यंत लांबल्या, त्यामुळं कार्यक्रम आज शनिवारी, तोही सकाळी साडेसातला, कारण दहानंतर पत्र्याखाली बसवत नाही. पोरं सकाळी पाचपासून मोह वेचायला गेलेली, तिथून थेट आली, हाताला तोच गोडसर आंबूस वास. पताका, कार्डशीट, पेनांचे डबे सगळं मी परतवाड्याहून इथं मेळघाटात आणलेलं, बसमध्ये घाटातली सगळी वळणं मांडीवर खोकं धरून. चौथीच्या मुलींनी सुसुन केलं (कोरकूत, म्हणजे इथल्या पोरांच्या घरच्या भाषेत, नाचाला सुसुन म्हणतात), एकमेकींच्या कमरेत हात घालून असल्या नाचल्या की आमचे सर पण उठून उभे राहिले.

आणि मग भाषणं. सातवीची अकरा पोरं, प्रत्येकाला दोन-दोन वाक्यं लिहून दिली होती, पाठ करून घेतली होती. आमची मॉनिटर शेवटी उठली. तिनं आपली दोन वाक्यं एकदम स्वच्छ म्हटली, मला किती बरं वाटलं सांगू. आणि मग माइक तसाच हातात ठेवून ती स्वयंपाकाच्या खोलीकडे वळली अन् कोरकूत बोलायला लागली, न थांबता, चार-पाच मिनिटं तरी. पोरं आधी हसली, मग गप झाली. मागं बसलेल्या बायांनी पदर डोळ्याला लावले. आणि ती पळत जाऊन शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशीच्या गळ्यात पडली, तिच्यामागून बाकीची दहाही. मावशीच्या हाताला कणीक, तसंच तिनं सगळ्यांना पोटाशी धरलं.

मी पेनांचा ट्रे घेऊन उभी.

माझ्याकडेही आली नंतर, पाया पडली. रांगेत. रांग मीच शिकवलेली.

सात वर्षं झाली मला इथं. 2018 ला आले तेव्हा ही पोरगी पहिलीत आली. कोरोनात रेंज नाही म्हणून पाड्यापाड्यावर पायी जाऊन स्वाध्याय वाटले, नवोदयसाठी तिला माझ्या खोलीवर बसवून शिकवलं, पिल्लूचा पहिला वाढदिवस मी इथं असताना... जाऊ दे. पण गळ्यात पडली ती मावशीच्या. मावशी खिचडी देते, मी अक्षरं दिली, असं अगदी ह्याच शब्दांत मनात आलं माझ्या. लिहितानाही लाज वाटते, पण आलं. 2500 रुपये मानधनावर राबणाऱ्या बाईचा हेवा वाटला मला.

टाकीवर चढून यांना फोन लावला, तर म्हणे एवढं काय त्यात, लेकरं आहेत. हो, लेकरंच आहेत. पण काय बोलली ती? पाच मिनिटं बोलली अन् सात वर्षं इथं राहून मला त्यातलं काहीच कळू नये? एक शब्द तेवढा ओळखीचा वाटला, तो सारखा येत होता. डा. डा म्हणजे पाणी, एवढं येतं मला.

संध्याकाळी राहवलं नाही, गेले. मावशी मोठे गंज (पातेली) घासत होती. म्हटलं, काय म्हणत होती ती पोरगी? आधी म्हणे काही नाही मॅडम, असंच. मी तिथंच बसून राहिले तेव्हा बोलली.

"ते पयलीचं सांगतलं तिनं. तिले तहान लागली होती, तुमच्यापाशी डा मांगे. तुमी म्हनलं, पाणी म्हण, मग देते. तिले तो शब्दच येत नव्हता. घंटा होईपर्यंत उभी राह्यली. मंग माह्याकडे आली."

मला आठवत नाही. खरंच आठवत नाही. पण मी म्हटलं असणार, कारण तेव्हा मी सगळ्यांनाच तसं म्हणायचे, प्रेमानंच म्हणायचे, सगळे सांगायचे की मराठीच बोला म्हणजे लवकर शिकतात. कोरकू ही मराठीची कोणीच लागत नाही, ती संथाली, मुंडारीच्या घरातली, हे मला चौथ्या वर्षी कळलं. त्याआधी मी तिला मोडकी हिंदीच समजत होते.

एक ग्लास पाणी. किती वेळ उभी राहिली असेल? तास सुरू होऊन किती झालं होतं? जुलै असेल की ऑगस्ट? पाऊस पडत असेल बाहेर आणि ही आत तहानेली, सहा वर्षांची, माझ्याच टेबलापाशी.

मावशी म्हणाली, "तुमाले वाईट नाही बोलली ती. म्हने पाणी हा शब्द मी त्या दिवशी शिकली, मंग कधी भुलली नाही."

ह्याचं काय करू मी? मघाशी एवढी रडले स्वतःसाठी, आता तेही जमेना. ती मराठी फार सुंदर वाचते, आमच्या पिल्लूपेक्षाही सुंदर. ते मी शिकवलंय, ते काही खोटं नाही. आणि ती घंटा होईपर्यंत उभी राहिली तेही मीच. दोन्ही माझंच आहे, आज कळलं तर आज. मावशीनं उठताना उरलेल्या पुऱ्या अन् भाजी डब्यात भरून दिली, म्हणाली, सकाळपासून तुमी जेवल्या नाही. जेवले आत्ता. थंड होती, तरी सगळी संपवली.

1 तारखेला निकाल. त्याच दिवशी ती दाखला न्यायला येईल, पुढं आठवीला धारणीकडच्या आश्रमशाळेत, वडील हो म्हणालेत, बदलू नयेत म्हणजे झालं. पाड्यावरून तीन किलोमीटर उन्हाचं चालत येईल. मावशी नसेल त्या दिवशी, परीक्षा झाल्या की तिला सुट्टी लागते, रोज सकाळी माठ तीच भरायची. त्या दिवशी मला भरायचाय. लवकर उठून, म्हणजे ती येईपर्यंत गार होईल.