अडलेलं झाकण

बरणीचं झाकण अडलं की मी आधी जोर लावतो, मग फडकं घेतो आणि दोन्ही हरले की नळाचं गरम पाणी सोडतो. बरणी तिरकी धरायची, धार फक्त झाकणावर, मनात वीसपर्यंत मोजायचं आणि पिळायचं. सुटतं!

लहानपणी मला हा उपाय उलटाच वाटायचा. धातू तापून फुगला तर आतल्या बाजूलाही फुगेल आणि काचेला आणखी आवळेल, नाही का? पण झाकणाची कड कापून सरळ केली असं समजा. ती पट्टी तापली की लांब होणार, आणि लांब पट्टीचं कडं मोठंच होणार. भोकसुद्धा तापून मोठं होतं, हे पटायला मला बरीच वर्षं लागली.

परवा हिशेबच मांडला. पोलाद दर अंशाला लांबीच्या दहा लाखांत साधारण १२ भाग वाढतं. ७ सेंटिमीटरचं झाकण ४० अंशांनी तापलं तर वाढ ०.०३ मिलिमीटर. केसाच्या जाडीहूनही कमी! त्यात काचही ९ भाग वाढते. म्हणजे धार जास्त वेळ धरली आणि काचही तितकीच तापली, तर हाती उरतो जेमतेम पाव हिस्सा. घाई करायची ती याचसाठी. (चिकटलेला राप गरम पाण्याने मऊ होतो, त्याचंही श्रेय असेल, सगळं भौतिकशास्त्राला द्यायला नको.)

दोन पदार्थांच्या वाढीतला हा फरक इस्त्रीतही कामाला येतो. दोन धातूंची जोडपट्टी तापते, एक धातू जास्त वाढतो, पट्टी वाकते आणि टक्‌ करून वीज तुटते.

याउलट न वाढणारा धातूही लोकांनी शोधला. १८९६ मध्ये शार्ल एदुआर गियोम यांना लोखंडात ३६ टक्के निकेल घातल्यावर असा मिश्रधातू मिळाला, जो दर अंशाला दहा लाखांत एखादाच भाग हलतो. नाव इनव्हार. तो तापला की त्याचं चुंबकत्व ओसरतं आणि त्यापायी होणारं आकुंचन वाढ जवळजवळ खाऊन टाकतं. एका हाताने द्यायचं, दुसऱ्याने काढून घ्यायचं! १९२० चं भौतिकशास्त्राचं नोबेल गियोमना या कामासाठी मिळालं.

मला मात्र आयनिक द्रवांचं जास्त कौतुक. हे खरं तर क्षारच, पण घरातलं मीठ वितळायला ८०१ अंश लागतात आणि यांतले कित्येक साध्या हवेतही पातळ. त्यांचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, इतके अवजड नि वेडेवाकडे की स्फटिकात नीट बसतच नाहीत, पण विजेच्या ओढीमुळे एकमेकांना सोडतही नाहीत. म्हणून तापल्यावर ते अल्कोहोलपेक्षा बरेच कमी फुगतात.

हे सगळं मनात घोळवत बरणीतून हवं ते काढलं आणि झाकण पुन्हा घट्ट पिळून बसवलं. गरमच होतं ते. आता गार होतंय.