एप्रिलचा चौथा शनिवार

शुक्रवारी संध्याकाळी या तळ्यात गळ टाकला तर दंड होतो. शनिवारी पहाटे टाकला, तर शेजारच्या होडीतला अनोळखी माणूस हात उंचावून ‘लागला का काही?’ म्हणून विचारतो. पाणी तेच, मासे तेच, थंडीही तीच. मधे फक्त तारीख बदललेली. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात, सिॲटलच्या आजूबाजूच्या सखल भागातली कितीतरी तळी हिवाळाभर मासेमारीला बंद असतात आणि एप्रिलच्या चौथ्या शनिवारी एकदम खुली होतात.

बाबांना हे काही पटेना. ते मूळचे गुहागरचे, लहानपणी खाडीवर गरवण्यात दिवस घालवलेले. ‘आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै बंदी असते ते समजतं. समुद्र खवळलेला, माशांच्या पोटात अंडी. मग नारळी पौर्णिमेला नारळ वाहायचा आणि होड्या लोटायच्या. इथे एवढ्याशा तळ्यात काय खवळतं?’

खवळत काहीच नाही. इथले बरेचसे मासे तळ्यात आपणहून आलेलेच नसतात, आणलेले असतात. सरकारी मत्स्यकेंद्रात सिमेंटच्या लांबट हौदांत, गोळीखाद्यावर वाढलेले रेनबो ट्राउट वसंतात टँकरमधून येतात आणि जाड पाइपातून धडाधड तळ्यात ओतले जातात. काही तळ्यांत बोटाएवढी पिल्लं आधीच सोडलेली असतात. बंदीच्या काळात ती निवांत वाढतात. तळं बारा महिने उघडं ठेवलं तर वाढायच्या आतच संपायची. नदीत कंबरभर पाण्यात उभे राहून खोटी माशी गुंडाळलेला गळ फेकणारी मंडळी या टँकरच्या माशांना नाकं मुरडतात. मुरडोत. हापूसही कलमाचाच असतो. शिवाय रेनबो ट्राउट या किनाऱ्याचाच भूमिपुत्र. त्यातलेच जे समुद्रात जाऊन परततात त्यांना स्टीलहेड म्हणतात आणि तो या राज्याचा अधिकृत मासा आहे. आमच्या तळ्यातला बिचारा घर सोडून कुठे गेला नाही, एवढंच.

खरी पंचाईत परवान्याची झाली. पाहुण्यांसाठी एक ते तीन दिवसांचा तात्पुरता परवाना मिळतो, पण हंगाम उघडल्यापासूनचे पहिले आठ दिवस तो ट्राउटसारख्या माशांना चालत नाही. वर्षभराचा परवाना घेणाऱ्यांनाच या दिवसाचा मान. हे वाचून बाबा गप्प झाले. पंधरा वर्षांखालच्या मुलांना परवाना लागतच नाही हे कळल्यावर म्हणाले, ‘म्हणजे मी यायला साठ वर्षं उशीर केला.’

तरी होडीत आले. होडी शेजारच्या आजोबांची, १२ फुटी, ॲल्युमिनियमची. कॉफीच्या मोठ्या डब्यात सिमेंट ओतून, वर कडी बसवून केलेले दोन नांगर. एक पुढे, एक मागे, म्हणजे होडी वाऱ्याबरोबर गरगरत नाही. उजाडायच्या आधी, होड्या पाण्यात सोडायच्या उतारावर ट्रेलरची रांग, डोक्याला दिवे लावलेली माणसं, थर्मासमधली कॉफी, डोनटचे खोके. आजोबा रांगेतल्या निम्म्या लोकांना ओळखत होते आणि उरलेल्यांशी ओळख करून घेत होते. मे महिन्यात गर्दी ओसरल्यावर इथे मासेमारी जास्त चांगली होते, हेही त्यांनीच सांगितलं. मग आज कशाला आलात, असं बाबांनी माझ्यामार्फत विचारलं. ‘सगळे येतात ना!’ आजोबा म्हणाले.

छोट्या होडीत तीन माणसं म्हणजे एकाने शिंकायचं तर दोघांना कळवायला हवं. उभं राहायचं नाही, वळायचं तर हळू. गळाला लावायचं आमिष डबीतून आलं: हिरवट-पिवळा, चकाकी घातलेला, लसणाचा वास मारणारा लगदा. बाबांनी तो बोटांत चुरडून पाहिला आणि ‘गांडूळ नाही का?’ असं विचारलं. होती, पण आजोबांचा भर लगद्यावर, कारण तो तरंगतो. तंगुसावरचं शिसं तळाशी बसतं आणि पुढचा हातभर तंगूस आमिषासह वर उचलला जातो, शेवाळाच्या बरोबर वर, जिथे ट्राउट फिरत असतात.

माझ्या गळाच्या काठीचं टोक दोनदा थरथरलं. बाबांना काठीला हात लावायची परवानगी नव्हती, तोंडाला मात्र होती. ‘थांब. थांब म्हणतो ना. आता! अगं, ओढ!’ पलीकडच्या होडीतल्या लोकांना मराठी येत नव्हतं, पण त्यांनीही हात थांबवून पाहिलं. मासा हातजाळीत आला तेव्हा चार होड्यांतून टाळ्या पडल्या आणि बाबांनी त्या स्वतःसाठी असल्यासारख्या मान झुकवून स्वीकारल्या. वीतभराहून थोडा मोठा, अंगावर काळे ठिपके, कुशीवर गुलाबी पट्टा, पाठीवरचा पर हौदातल्या गर्दीत झिजलेला. माणशी पाच ट्राउटची मर्यादा आहे. आजोबांचे पाच नऊच्या आत झाले आणि मग ते उरलेला वेळ नुसते गप्पा मारत बसले.

रात्री आजोबांनी त्यांच्या पद्धतीने लिंबू-लोणी घालून, ॲल्युमिनियमच्या कागदात गुंडाळून भाजलेला एक आणून दिला. आम्ही हळद-तिखट-मीठ आणि आगळ चोळून, रव्यात घोळवून तळले. खवले इतके बारीक की खरवडायची गरज पडत नाही. गोड्या पाण्यातला मासा मातकट लागतो हा बाबांचा जुना सिद्धान्त. एप्रिलच्या गार पाण्याने तो साफ मोडला. तसं ते बोलले नाहीत, पण काटे चोखून ताटाच्या कडेला रांगेने मांडले.

मग कॅलेंडर मागितलं. शनिवारपासून आठ दिवस मोजले. ‘म्हणजे पुढच्या रविवारी माझा परवाना चालेल की!’

रविवारी उतारावर एकही ट्रेलर नव्हता. बाबांनी स्वतःच्या हाताने, लगदा नाकारून गांडुळावर, दोन ट्राउट काढले. त्यातला एक माझ्या शनिवारच्या माशापेक्षा चांगलाच मोठा. परत येताना गाडीत बराच वेळ गप्प होते. शेवटी म्हणाले, ‘छे! बघायला कुणी नव्हतंच.’