टाकीच्या झाकणाची वर्गणी

गणपतीच्या दिवसांत आमच्या परळच्या चाळीत आरतीला माणसं असत, भजनाला असत, पण मांडव खचाखच भरायचा तो जमाखर्चाच्या सभेला. गौरी गेल्या की दुसऱ्या दिवशी, रात्रीची आरती आटोपून सतरंज्या पडायच्या. सभेनंतर चहा-वडे असत हे एक कारण, आणि भांडण नक्की होणार हे दुसरं. मूर्तीसमोर आवाज चढवायचा नाही असा नियम होता. म्हणून लोक मूर्तीकडे पाठ करून चढवायचे.

खजिनदार मामा गिरणीत हजेरीचं काम करत. लाल कापडी पुठ्ठ्याची वही मांडीवर घेऊन ते एकेक बाब वाचत. मूर्ती, मांडव, रोषणाई, लेझीम पथक, प्रसाद. आम्ही पोरं जिची वाट बघत असू ती बाब शेवटाकडे यायची : "गच्चीवरच्या टाकीचं झाकण, जाळी आणि रंग, साठ रुपये. पैकी चाळीचे चाळीस, शेठचे वीस." मुंबईत 'ढक्कन' कुणाला म्हणतात ते सांगायला नकोच. मामा बाब वाचून दम घेईपर्यंत मागून वीस-पंचवीस पोरं एका सुरात ओरडायची, "ढक्कन!" मामा चष्म्यावरून बघत, आणि पुढची बाब घेत. दर वर्षी हेच.

शेठ म्हणजे कोपऱ्यावरचे किराणा दुकानवाले. त्यांच्या वखारीतली माणसं आमच्याच गॅलरीत झोपायची आणि पाणी आमच्याच टाकीचं. माणसं तापानं झोपली की दुकान अर्धं बंद. म्हणून शेठनी टाकीच्या खर्चापुरता करार केला होता : चाळ जितके जमवील त्याच्या निम्मे माझे. चाळीनं काही नाही दिलं, तर माझंही काही नाही. हा करार कागदावर कधीच नव्हता.

मामांना टाकीचं एवढं काय पडलं होतं, ते आम्हाला सत्यनारायणाच्या रात्री कळायचं. माघात मंडळाचा सत्यनारायण असे. पूजा झाल्यावर मोठी माणसं पत्ते कुटत आणि मामा मुलांना कोकणातल्या गोष्टी सांगत. लहानपणी त्यांना हिवताप धरला होता. एक दिवसाआड हुडहुडी, तीन गोधड्या घातल्या तरी दात वाजायचे. पोटात पानथरी, म्हणजे प्लीहा, वाढलेली. गावात कुणाच्या पोराची पानथरी हाताला लागते याची बायका एकमेकींत चर्चा करत, जसं आपण दहावीचे टक्के विचारतो. पुढे सरकारची १९५३ ची मोहीम आली, डीडीटीचे पंप घेऊन माणसं घरोघर फिरू लागली. ती गेली की मामांची आई भिंत पांढरी फटक दिसते म्हणून लगेच वरून शेण सारवायची. डास बसणार सारवलेल्या भिंतीवर, औषध खाली गाडलेलं. ही गोष्ट सांगताना मामा हसत आणि मग एकदम गप्प होत. त्यांची एक बहीण त्या तापात गेली होती, असं आईनं मला फार पुढे सांगितलं.

१९७५ च्या सभेत झाकणाची बाब कापली गेली. एक तरुण कार्यकर्ता उभा राहिला (आता आजोबा झालेत, नाव घेत नाही) आणि म्हणाला, "मामा, चाळीत ताप कुणाला आला शेवटचा? मी तरी पाहिला नाही. त्या पैशात माईक घेऊ." हात वर झाले, माईक जिंकला. मामा भांडले नाहीत. शेठनी निरोप पाठवला : चाळीचा शून्य, म्हणून माझाही शून्य.

पुढच्या पावसाळ्यात झाकणाची कडी गंजून तुटली, पत्रा सरकला. आमच्या मुंबईतला हिवतापाचा डास गटारातला नव्हे. त्याला स्वच्छ, साचलेलं, स्थिर पाणी लागतं : विहीर, टाकी, पिंप. पावसाळ्याच्या उबेत अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. त्या वर्षी नऊ खोल्यांत ताप शिरला. माझ्या धाकट्या भावाला क्लोरोक्विनच्या गोळ्या केळ्यात घालून दिल्या, त्यानं केळं खाल्लं आणि गोळी थुंकली. त्याला आजही केळं आवडत नाही.

१९७६ च्या सभेत मामांनी वही वाचली. झाकण, पुन्हा साठ. कुणी ढक्कन म्हणून ओरडलं नाही. मामा गेल्यावर त्यांच्या सुनेनं ती वही मला आणून दिली. १९७५ च्या पानावर झाकणापुढे शाईनं शून्य आहे, आणि बाजूला पेन्सिलीनं, बारीक अक्षरात, नंतर लिहिलेलं : "ताप ९."

या शून्याचं आणि नवाचं मोल मला नोकरीत कळलं. बी. कॉम. नंतर काही वर्षांनी मी आरोग्याचं काम करणाऱ्या एका संस्थेत हिशेबाला लागले. परदेशी निधीची खाती माझ्या टेबलावर यायची, आणि कुठे कोणता रोग का वाढला हे वाचणं भाग पडायचं. आमच्या चाळीत माईक घेतला गेला त्याच काळात देशानंही तेच केलं होतं. १९६५ मध्ये भारतात हिवतापाचे रुग्ण लाखाच्या आसपास उतरले होते, १९७६ मध्ये ते ६४ लाखांवर गेले. शेजारच्या श्रीलंकेत १९६३ मध्ये साऱ्या बेटावर अवघे १७ रुग्ण. मग फवारणी थांबली, आणि १९६८-६९ मध्ये पाच लाखांच्या वर. जागतिक आरोग्य संघटनेनं १९५५ मध्ये जगभर उघडलेली निर्मूलनाची मोहीम १९६९ मध्ये आवरती घेतली. डीडीटीला डास सरावले हे खरंच. पण रोग दिसेनासा झाला की पैसे देणाऱ्याचा हात आखडतो, हेही तेवढंच खरं. 'ताप पाहिला कुणी शेवटचा?' हा प्रश्न फक्त परळमध्ये विचारला जात नाही.

नंतरची वर्गणी मात्र जरा शहाणपणानं गोळा होऊ लागली. १९९८ मध्ये जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ, संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम आणि जागतिक बँक अशा चौघांनी 'रोल बॅक मलेरिया' ही भागीदारी उभी केली. २५ एप्रिल २००० ला आफ्रिकेतल्या देशांचे प्रमुख नायजेरियात अबुजाला जमले. आधी आफ्रिका मलेरिया दिन आणि पुढे जागतिक मलेरिया दिन त्या तारखेला पाळला जातो तो यामुळे. २००२ मध्ये जिनिव्हात ग्लोबल फंड सुरू झाला : एड्स, क्षयरोग आणि हिवताप, तिघांची एकच पेटी. त्या पेटीसाठी साधारण तीन वर्षांनी एकदा सभा भरते, देश उभे राहून आपापला आकडा सांगतात. भारत त्या पेटीत टाकतोही आणि त्यातून घेतोही. आपल्याकडे ईशान्येच्या राज्यांत औषध लावलेल्या मच्छरदाण्या वाटायला त्यातला पैसा आला.

आणि एक गंमत. अमेरिकेच्या कायद्यानं त्यांचा वाटा एकूण जमेच्या एकतृतीयांशाहून जास्त असू शकत नाही. म्हणजे बाकीच्यांनी दोन टाकले तर ते एक टाकणार. हे वाचलं तेव्हा मी ऑफिसात एकटीच हसले. चाळीचे चाळीस, शेठचे वीस!

२०१० मध्ये मुंबईतच हिवतापानं थैमान घातलं. शहरात वर्षभरात ७६ हजारांहून जास्त रुग्ण, १४५ मृत्यू. त्या वर्षी आमच्या मंडळानं देखावा केला डासाचा. थर्माकोलचा, बारा फुटी, पंख मोटरवर हलणारे. पहिल्याच दिवशी एक पंख अडकला आणि दहा दिवस तो डास एका पंखानं सलाम ठोकत उभा होता. गर्दी मात्र त्याच्यापुढे नव्हती, शेजारच्या काचेच्या पेटीपुढे होती. तिच्यात गप्पी मासे सोडले होते. मासा डासाची अळी गिळतो कसा, ते पोरं काचेला नाक लावून बघत. अनंत चतुर्दशीला पेटी रिकामी निघाली. मासे कुठे गेले ते चाळीतल्या बरण्यांना माहीत. त्या सभेत मी पहिल्यांदा उभी राहून बोलले. जिनिव्हाचं सांगितलं, श्रीलंकेचे १७ सांगितले. मागून एक आजी म्हणाल्या, "बाई, वडे गार होतायत."

आता चाळ नाही. तिच्या जागी बावीस मजले आहेत, गणपती पार्किंगमध्ये बसतो आणि जमाखर्च व्हॉट्सॲपवर येतो. तरी सभा होते, वडेही होतात, आणि खजिनदारपद माझ्याकडे आहे. अलीकडच्या एका सभेत मी सांगितलं की आपल्या टाक्या-विहिरींतला हा डास, स्टीफन्सी, २०१२ मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या जिबूतीत सापडला, मग इथिओपियात, आणि आता आफ्रिकेतल्या शहरांना झाकणाची काळजी लागली आहे. २०२३ मध्ये हिवतापासाठी जगभर ८.३ अब्ज डॉलर लागत होते, जमले ४ अब्ज. आणि त्याच वर्षी सुमारे ५ लाख ९७ हजार माणसं गेली, बहुतेक आफ्रिकेतली पाच वर्षांखालची मुलं. यावर थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग बाराव्या मजल्यावरचा एक मुलगा म्हणाला, "काकू, पण आपल्याकडे वर सेन्सर आहे ना?" सेन्सर पाणी भरलं की नाही ते सांगतो, झाकण लागलं की नाही ते नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला घेऊन गच्चीवर गेले. तीन टाक्यांपैकी एकीचं झाकण विटेवर टेकवलेलं होतं, केबलवाल्याला वायर घ्यायची होती म्हणून.

शेठच्या दुकानाचं आता मेडिकल झालंय, गल्ल्यावर नातू बसतो. टाक्यांसाठी यंदा सोसायटीनं चौदा हजार जमवले. मी पावतीपुस्तक घेऊन गेले तेव्हा त्यानं विचारलं, "काकू, तुमचे किती झाले?" मी आकडा सांगितला. त्यानं कॅल्क्युलेटरवर निम्मे केले, सात हजार. मग स्मरणिकेतल्या त्याच्या जाहिरातीचे दीड हजार वजा केले, आणि साडेपाच माझ्या हातावर ठेवले. मी म्हटलं, "जाहिरातीचा हिशेब वेगळा असतो रे." तो म्हणाला, "आजोबा पण असंच करायचे." घरी येऊन मामांची वही चाळली. एकाही वर्षी तसं केलेलं नाही.