विंडोज ११ च्या पोटात उबुंटू आणि विंडोज ७

लॅपटॉप साधाच: चार कोअर, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, त्यावर विंडोज ११. कामाला उबुंटू (एक लिनक्स) हवं आणि जुन्या पेजमेकरच्या, म्हणजे पानं मांडायच्या सॉफ्टवेअरच्या, फायली उघडायला विंडोज ७. ड्युअल बूटमध्ये, म्हणजे दोन सिस्टीम शेजारी टाकून सुरू करताना एक निवडायची, तर एका वेळी एकच सिस्टीम चालते, वर पार्टिशनची (डिस्कच्या भागांची) कापाकापी. म्हणून व्हर्च्युअलबॉक्स: चालू विंडोजच्याच एका खिडकीत दुसरा, आभासी संगणक (व्हर्च्युअल मशीन) चालवणारं सॉफ्टवेअर.

आधी टास्क मॅनेजरमधल्या परफॉर्मन्स टॅबवर 'व्हर्च्युअलायझेशन', म्हणजे आभासी मशीन चालवण्याची प्रोसेसरची सोय, इनेबल्ड आहे का ते पाहिलं. नसेल तर बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) जाऊन ती चालू करावी लागते. तिथे तिचं नाव इंटेलला व्हीटी-एक्स, एएमडीला एसव्हीएम मोड.

मशीन सुरू झालं, पण खिडकीच्या खालच्या पट्टीत हिरवं कासव. नुसती शोभा नाही ती. विंडोजच्या हायपर-व्हीने, म्हणजे तिच्या स्वतःच्या आभासी मशीनच्या यंत्रणेने, प्रोसेसरची ही सोय आधीच ताब्यात घेतलेली असते आणि व्हर्च्युअलबॉक्सला तिच्यामार्फत, म्हणजे रखडत, काम करावं लागतं. 'विंडोज फीचर्स'मधून हायपर-व्ही आणि व्हर्च्युअल मशीन प्लॅटफॉर्म काढले, कोअर आयसोलेशनमधली मेमरी इंटिग्रिटी बंद केली, रीस्टार्ट केलं, कासव गेलं. मात्र मेमरी इंटिग्रिटी हे संरक्षण आहे, आणि या बदलानंतर डब्ल्यूएसएल २ (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय) चालत नाही. ते रोज लागत असेल तर कासव सहन केलेलं बरं.

रॅमची वाटणी अशी: उबुंटू २४.०४ ला ६ जीबी आणि दोन कोअर, ३२ बिट विंडोज ७ ला २ जीबी आणि एक कोअर. उरलेले ८ जीबी घरमालकाचे, म्हणजे मूळ विंडोज ११ चे. प्रोसेसर सगळे आलटून पालटून वापरतात, रॅमचं तसं नाही. मूळ विंडोजला ती अपुरी पडली की एसएसडीवर उचल-ठेव सुरू होते आणि तिन्ही सिस्टीम एकदम रांगायला लागतात.

उबुंटूला ४० जीबीची डायनॅमिक डिस्क दिली, ती बाहेरच्या विंडोजला एक फाईल म्हणून दिसते. ती गरजेप्रमाणे फुगते, पण आत फायली पुसल्या म्हणून बाहेरची फाईल आपोआप आक्रसत नाही.

उबुंटूत गेस्ट अॅडिशन्स (शेअर्ड फोल्डरसारख्या सोयी देणारे व्हर्च्युअलबॉक्सचे ड्रायव्हर) टाकण्याआधी जीसीसी, मेक ही प्रोग्रॅम बनवायची साधनं आणि चालू कर्नलचे (उबुंटूच्या गाभ्याचे) हेडर्स हवेत, नाहीतर त्यांचं मॉड्यूल बनत नाही. दोन्ही सिस्टीमना दिसणारा शेअर्ड फोल्डर दिसतो, पण उघडताना परवानगी नाकारली जाते? यूजरला 'व्हीबॉक्सएसएफ' ग्रुपमध्ये घाला आणि लॉगआउट करून परत या. ही दुसरी पायरी हमखास विसरते.

विंडोज ७ मध्ये खरी अडचण डोंगलची, म्हणजे सॉफ्टवेअरचं लायसन्स असलेल्या यूएसबी किल्लीची. जुन्या मराठी फाँटच्या सॉफ्टवेअरला तो लागतो. विंडोज ७ कडे यूएसबी ३ चा ड्रायव्हर मुळात नसतो, त्यामुळे सेटिंगमध्ये यूएसबी २.० कंट्रोलर निवडला आणि डोंगलचा फिल्टर (हे उपकरण याच मशीनला द्यायचं असा नियम) जोडला. फिल्टर लावल्यावर डोंगल काढून पुन्हा खोचावा, मग तो थेट आत जातो. या मशीनचं नेटवर्क मी पूर्ण बंद ठेवतो. विंडोज ७ चे नेहमीचे सुरक्षा अपडेट जानेवारी २०२० मध्येच थांबले. फायली शेअर्ड फोल्डरमधून.

स्नॅपशॉट, म्हणजे मशीनची त्या क्षणाची जपलेली स्थिती, प्रयोगापुरता. तो मूळ डिस्कवर टेकलेला असतो, डिस्क गेली की तोही गेला. बॅकअपसाठी मशीन पूर्ण बंद करून अख्खा फोल्डर बाहेरच्या ड्राइव्हवर कॉपी करतो. ड्राइव्ह एक्सफॅट किंवा एनटीएफएसमध्ये फॉरमॅट केलेला असू द्या. फॅट३२ वर ४ जीबीच्या पुढची फाईल बसत नाही.