मालवणच्या पाण्यात तोंड मिटून

उद्यमबागेतल्या फाउंड्रीत आठवडाभर गडद काचेच्या चष्म्यातून वितळलेले लोखंड पाहणाऱ्या माणसाने सुट्टीच्या दिवशीही डोळ्यांवर काच चढवण्यासाठी मालवण गाठावे, हे आमच्या सौभाग्यवतींना मुळीच पटले नव्हते. तरीही डिसेंबरातल्या एका रविवारी पहाटे आम्ही दोघे आणि कॉलेजात शिकणारा भाचा बेळगावहून निघालो. बाची ओलांडून शिनोळीला महाराष्ट्रात शिरलो आणि धुक्यातून आंबोलीचा घाट उतरलो. आंबोलीत उगम पावणारी हिरण्यकेशी एवढा जवळचा समुद्र सोडून पूर्वेला आमच्या संकेश्वराकडे का वळते, याचे मला दर वेळी नवल वाटते.

दांडीच्या किनाऱ्यावरून होडीने सिंधुदुर्गालगतच्या खडकांपाशी नेले. स्नॉर्केलिंगच्या मास्कमध्ये नाक बंद राहते आणि दातांत धरलेल्या नळीतून श्वास घ्यावा लागतो, एवढे समजले होते. पण मिशांमुळे मास्क चेहऱ्यावर घट्ट बसत नाही आणि पाणी झिरपते, हे पाण्यात उतरल्यावरच कळले. "काका, हसू नका. गालाला सुरकुती पडली की पाणी आत येतं," असे सोबतच्या मुलाने बजावले, आणि नेमके त्यामुळेच मला हसू आवरेना. दोनदा खारे पाणी गिळल्यावर मी गंभीर झालो.

मग मात्र सगळे शांत झाले. नळीतून येणारा स्वतःच्याच श्वासाचा आवाज भट्टीच्या भात्यासारखा कानात घुमत होता आणि खाली काळ्या पट्ट्यांचे सार्जंट मेजर मासे खडकाच्या कपारींतून आत-बाहेर करत होते. एक मासा अगदी हाताशी आला असे वाटून मी हात पुढे केला, तर तो बराच लांब निघाला. पाण्यात प्रकाश वळत असल्यामुळे मास्कमधून वस्तू सुमारे एक तृतीयांश मोठ्या आणि अंतराच्या सुमारे एक चतुर्थांशाने जवळ आल्यासारख्या दिसतात. दगडासारखे दिसणारे प्रवाळ जिवंत असते, म्हणून त्यावर पाय टेकायचा नाही, अशी ताकीद मिळाली होती. शेजारच्या होडीतून मात्र पावाचे तुकडे टाकणे चालू होते आणि माशांची झुंबड उडत होती. १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून घोषित झालेल्या या परिसरात माशांना पावाची चटक लावणे मला तरी रुचले नाही. आमच्या होडीतला पाव मी पिशवीतच ठेवायला लावला.

वर आल्यावर समोर किल्ल्याचा तट होता. १६६४ मध्ये काम सुरू झालेल्या या किल्ल्याच्या पायाच्या दगडांत शिसे ओतले होते, असे सांगतात. समुद्राच्या लाटा सांभाळत हे ओतकाम कसे केले असेल, या विचारात मी परतीच्या वाटेवर गप्प होतो. "मामा, बरं वाटत नाही काय?" असे भाच्याने दोनदा विचारले.

बांगड्याचे तिखले आणि सोलकढी झाल्यावर दुपारभर सावलीत बसून माणसे पाहिली. गाड्यांच्या रांगेत बेळगावच्या केए-२२ ची पाटी दर चौथ्या गाडीला दिसत होती, पण पाटी पाहण्याची गरजच नव्हती, "पुढं जाऊ नको की रे, काय करालास?" अशी हाक ऐकली की आपला माणूस ओळखू येतो. नऊवारीतल्या एक आजी दोन्ही हातांत चपला धरून घोट्याएवढ्या पाण्यात उभ्या होत्या आणि प्रत्येक लाटेला मागे सरून पुन्हा तेवढ्याच पुढे येत होत्या. त्यांचा हा खेळ तासभर चालला असावा. मी तो सगळा पाहिला.

उन्हे कलल्यावर रापण ओढायला सुरुवात झाली. होडीने समुद्रात अर्धवर्तुळाकार सोडलेल्या जाळ्याची दोन्ही टोके किनाऱ्यावरून तीसएक माणसे ओढत होती. भाचाही दोराला जाऊन लागला आणि पहिल्या पाच मिनिटांतच त्याचे तळवे लाल झाले. जाळे काठाला आले तेव्हा त्यात तारली, थोडे बांगडे आणि बराचसा कचरा निघाला. एवढ्या कष्टाच्या मानाने मासळी थोडीच होती. तरी वाटे घालताना एका म्हाताऱ्या रापणकाराने भाच्याला जवळ बोलावून दोन बांगडे त्याच्या हातात ठेवले. पैसे त्याने घेतले नाहीत.

वर्तमानपत्रात गुंडाळलेले ते बांगडे घेऊन आम्ही निघालो. शिनोळीला चहासाठी थांबलो तेव्हा गाडीच्या चारही काचा उघड्या होत्या आणि सौभाग्यवती पुढच्या सीटवर शालीत नाक खुपसून बसल्या होत्या.